गोदाक्कांच्या दारचे खजूर

आमच्या शेजारच्या गोदाक्का आल्यागेल्याला आधी चहा देत नसत. आधी नातेवाईक खायला देत.

जून महिना लागलेला असावा, आणि उचगावच्या आमच्या गल्लीत कुणी पावणा त्यांच्या पायरीवर टेकावा, की लगेच आत हाक जायची, "रेखे, परात आण." मग सून रेखा परात घेऊन यायची आणि पावण्यापुढं धरून उभी राहायची. परातीत चार वेगवेगळे ढीग. गोदाक्का बोटानं दाखवत जायच्या, "ही माझी नणंद. ह्यो थोरला जावई. ही, परात धरून हुबी हाय ती. आन ही मी. घ्या पावणं, चावून बघा. लाजू नगा." पावणा बिचारा एकदा परातीत बघायचा, एकदा रेखाच्या तोंडाकडं. काय चावायचं आणि काय म्हणायचं हेच त्याला समजायचं नाही.

परातीत असायचे ते खजूर. दुकानात पुड्यात मिळतो तो काळा चिकट खजूर नव्हे. झाडावरून उतरवलेला, सुपारीसारखा कडक, पिवळा नाहीतर लाल. कोल्हापूरच्या पावसात खजुराला फळ धरतं हे कुणाला सांगून पटायचं नाही. दारात येऊन वर मान करून बघितल्यावर पटायचं.

झाडं आली कुठून तेही सांगते. पलीकडच्या मुमताजभाभी रमजानात गल्लीत ताट फिरवायच्या, त्यात खजूर असायचा. एका वर्षीचा खजूर गोदाक्कांना इतका आवडला की त्यांनी गल्लीतल्या पोरांच्या तोंडातून बिया काढून घेतल्या. खरंच सांगते, हात पुढं करून, "थुक हितं" म्हणून. त्या बिया कुंपणालगत एका रांगेत पुरल्या. आठ रुजल्या. माझा थोरला तेव्हा चौथीत होता. त्याला मिसरूड फुटलं तेव्हा कुठं पहिला घड दिसला.

आणि तिथंच सगळं फिसकटलं. गोदाक्कांचा हिशेब सरळ होता. बिया एका ताटातल्या, चव एक, मग झाडंही एकसारखीच येणार. प्रत्यक्षात आठांपैकी चार झाडांना फळंच आली नाहीत, नुसता पांढरा मोहोर. उरलेल्या चारांना फळं आली ती चार तऱ्हेची. एकाची पिवळी, बारकी, पण कोवळ्या खोबऱ्यासारखी करकरीत आणि गोड. एकाची अशी लालभडक की बघत राहावं, पण चावलं की तोंड आवळून घसा धरायचा. तिसऱ्याची अंगठ्याएवढी थोरली, आत सगळी बीच, गर नखानं खरवडावा एवढा. चौथं झाड सगळ्यांच्या मागं, पाऊस धरल्यावर पिकायला लागायचं. वर खताची पोती बांधली तरी घड आंबायचा आणि माशा घोंघावायच्या.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, असू दे, देवाची करणी. गोदाक्का तसं म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्या चुरमुऱ्याच्या भट्टीवर चाळणीला होत्या. भट्टीत जो दाणा फुलत नाही, तसाच कडक राहतो, त्याला गणंग म्हणतात. वीस-बावीस वर्षं गोदाक्कांनी गणंग वेचून बाजूला टाकले होते. घरी आल्या तरी हात थांबायचा नाही. बाजारात पेरू चावून बघायच्या आणि आवडला नाही तर चावलेला परत ढिगात ठेवायच्या. पेरूवाली ओरडली की म्हणायच्या, "बाई, मी तुझं गिऱ्हाईक वाचवालोय." माणसांचंही तसंच. लग्नाला जाऊन आल्या की पायरीवर बसून त्यांची चाळण सुरू. नवरी फुललेली, नवरा गणंग. सासू फुललेली, पण करपलेली. आम्ही बायका पदरात तोंड घालून हसायचो. हसायला येतच होतं, खोटं कशाला बोलू?

तर पहिल्या फळाच्या वर्षीच त्यांनी झाडांना नावं ठेवली. उशिरा पिकून आंबणारी ती नणंद, "बारसं असू दे न्हाईतर मयत, पंगत उठल्याव येणार." मोठ्या बीचा तो थोरला जावई. लालभडक आणि तुरट ती रेखा, कारण मुरगूडची ही पोरगी दिसायला सगळ्या गल्लीत उजवी होती. आणि गोड पिवळी? "ती मी," गोदाक्का म्हणायच्या, आणि तोंडावर हसू नसायचं.

बिनफळाच्या चारांपैकी तीन त्यांनी लगोलग तोडली. पपईचा नर तोडतात तशी. आमच्याकडं कुणाच्याही परसात पपई उगवते आणि नर निघाला की कुऱ्हाड बसते, त्यात नवल काही नाही. चौथं वाचलं ते कपडे वाळत घालायची तार त्याला बांधली होती म्हणून. त्याला नाव मिळालं धाकट्या मुलाचं. सुधीर.

सुधीर बँडपार्टीत क्लारनेट वाजवायचा. लगीनसराई असली की रोज दुसऱ्याच्या वरातीत, नसली की घरात. घरात असला की आईच्या तोंडी. "ह्येला बी मोहोर लई भरगच्च येतोय," झाडाकडं हात करून त्या म्हणायच्या, "पिवळा शर्ट, लाल टोपी, गळ्यात गोंडं. फळ? शोधून दाखवा." तो ऐकून घ्यायचा, क्लारनेटची जीभ पाण्यात भिजवत बसायचा. त्याचा थोरला भाऊ दत्ता, रेखाचा नवरा, फौंड्रीत पाळीवर जायचा आणि यायचा. त्या घरात आवाज एकच होता.

थोरल्या जावयाचं झालं ते सांगते. जावई एकदा जूनमध्येच आले. भोळा माणूस. परात पुढं आली. सासूबाई म्हणाल्या, "ह्यातला त्यो थोरला खाऊन बघा बरं." जावयांनी खाल्ला, बी हातावर घेतली, म्हणाले, "झकास हाय की आत्ती. फक्त बी लई मोठी, गर काय लागंना." पायरीवर बसलेल्या आम्ही सगळ्या फुटलो. जावईही हसले, का ते कळलं नाही तरी हसले. त्यांची बायको, म्हणजे गोदाक्कांची पोटची लेक, आतून बाहेर आली, नवऱ्याच्या हातातली बी घेऊन गटारीत फेकली, आणि न जेवता त्याला घेऊन गेली. पुढं दोन दिवाळ्या माहेरी आली नाही. गोदाक्का म्हणाल्या, "खरं बोललं की माणूस तुटतंय. तुटू दे. गणंगच गळत्यात."

एवढं वाचून कुणाला वाटेल की या बाईत गोड ते काहीच नव्हतं. तसं नाही. आमच्या घरातले अंथरुणाला खिळले होते तेव्हा रोज सकाळी त्या चुरमुऱ्याची पुडी घेऊन यायच्या आणि उशाशी बसून त्यांना शिव्या घालायच्या. "उठ की मर्दा, बायकूला राबवून घेतोईस आन झोपलाईस राजावानी!" सगळं जग हळू आवाजात बोलत असताना ही बाई ओरडायची, आणि आमच्या माणसाला हसू यायचं. ते हसू मी विसरलेले नाही. म्हणून तर हे सगळं लिहिताना हात अडखळतो. पण थांबत नाही.

दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल. सुधीर पस्तिशीला टेकला होता. बँडवाल्याला कोण पोरगी देतंय, असं म्हणता म्हणता आजऱ्याचं एक स्थळ आलं. मुलीचं नाव शोभा, काजूच्या कारखान्यात काम करायची. सुधीर भाऊ-भावजयीबरोबर जाऊन बघून आला. आल्या आल्या माझ्या परसात येऊन उभा राहिला.

"मंगलवैनी, तिची बोटं काळी हायत."

"म्हंजे रे?"

"काजूच्या चिकानं. पोहे देताना हात पदराखाली लपवत हुती. मी म्हटलं, लपवू नगा, माझी बी बोटं बघा, भोकं दाबून घट्टं पडल्यात. तवा हसली." आणि स्वतःच हसला. त्याला मी लहानपणापासून बघत आलेय. तसला हसलेला पहिल्यांदाच बघितला.

मुलीकडच्यांनी निरोप धाडला, मुलगा पसंत आहे, आता घर बघायला येतो. त्या आठवड्यात सुधीरनं स्वतः भिंतींना चुना मारला. दाराची कडी बदलली. आणि आदल्या दिवशी, मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते, आईसमोर उकिडवा बसून म्हणाला, "आई, एक ऐकशील? उद्या त्यांस्नी झाडं दाखवू नगंस."

"का रं?"

"नगं. तेवढं एक कर. पुन्यांदा काय मागणार न्हाई."

गोदाक्कांनी माझ्या तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "बरं. न्हाई दाखवत."

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आणि काका आले. सभ्य माणसं. टोप्या गुडघ्यावर ठेवून बसली. चहा झाला, चिवडा झाला. दिवस माघाचे, परातीचा प्रश्नच नव्हता. गोदाक्का कधी नव्हे त्या शांत होत्या, मान डोलावत होत्या. सुधीरच्या कपाळावरचा घाम वाळायला लागला होता. निघताना मुलीचे काका अंगणात थांबले आणि वर बघत म्हणाले, "झाडं झकास हायत की आक्का. खजूर न्हवं? फळ लागतंय?"

मी गोदाक्कांच्या शेजारीच होते. त्यांनी ओठ मिटलेले मी बघितले. चुलीवर दूध वर यावं आणि आपल्याला दिसावं, तसं ते वर येत होतं.

"लागतंय की. ह्या चौघींस्नी लागतंय," त्या म्हणाल्या. "ह्येला तेवढं न्हाई. ह्यो आमचा सुधीर."

काका हसले. "सुधीर? नाव ठेवलंय व्हय?"

"मग! मोहोर बघून फसू नगा. वास सुटतोय, पीठ सांडतंय, फळ म्हणून न्हाई. तुमच्या पोरीच्या जल्माचा सवाल हाय, उगा फशिवलं म्हणू नगा. मी आई असून सांगालोय."

काका हसता हसता थांबले. मुलीच्या वडलांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि तार बांधलेल्या त्या झाडाकडं, मग सुधीरकडं, वरपासून खालपर्यंत बघितलं. आई असून सांगते म्हटल्यावर त्यांनी त्याचा काय अर्थ घेतला असेल, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सुधीरलाही समजलं. तो चुन्याच्या भिंतीला टेकून उभा होता. बाजूला झाला तेव्हा पाठ सगळी पांढरी.

चार दिवसांनी आजऱ्याहून नकार आला. शोभाचं त्याच उन्हाळ्यात दुसरीकडं जमलं.

सुधीर भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, गोदाक्कांना भांडण पेलायचं. त्यानं क्लारनेट पेटीत घातलं, दोन शर्ट पिशवीत घातले, रेखाला म्हणाला, "वैनी, जातो," आणि गडहिंग्लजच्या एका बँडपार्टीकडं राहायला गेला. आईला जातो म्हणाला नाही. गोदाक्का दारातच उभ्या होत्या. "गेला तर गेला," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "जागा झाली."

आणि आठ दिवसांत त्यांनी झाड तोडायला माणूस बोलावला.

तो दिवस मला चांगला आठवतो. झाडाच्या शेंड्यात मोहोराची म्यानं वर आली होती, फुटायच्या बेतात. लाकूडतोड्या खालून बघून म्हणाला, "आक्का, एकच नर ऱ्हायलाय जणू. ऱ्हाऊ दे की. पपईत बी एखादा ठेवत्यात म्हणं."

"पपईचं नर आजवर मी किती तोडलं ठावं हाय? पपई लागायची ऱ्हायली का कधी?"

त्यात चूक काढायला जागा नव्हती. पपई खरंच राहिली नव्हती. पण पपईचे नर गल्लीत चार परसात उभे असायचे. आपला तोडला तरी शेजारच्याचं वाऱ्यानं यायचं. खजूर अख्ख्या उचगावात कुणाकडं होता? ओढ्याकाठच्या शिंदी होत्या, खजुराच्याच जातीच्या, त्याही रस्ता रुंद करताना गेलेल्या. हे मला त्या वेळी सुचलं नाही. कुणालाच नाही. असं मी समजत होते.

"रेखे, तार सोड," गोदाक्का म्हणाल्या.

रेखा आली. तिनं तारेवरचे कपडे एकेक काढून खांद्यावर घेतले, झटकले. मग मान वर करून त्या म्यानांकडं बघितलं, बराच वेळ. मग तारेची गाठ सोडली. लाकूडतोड्या अजून घुटमळत होता, त्याला ती म्हणाली, "हाणा की भाऊ. आत्तींनी सांगितलंय न्हवं?"

खोड गटारीवर आडवं टाकलं. पलीकडं जायला सोय झाली.

त्या वर्षी जून आला. चारही झाडांवर घड आले, मोठे, लोंबणारे. पण दाणा वाढेना. मिरीएवढा, फार तर वाटाण्याएवढा. एकेका जागी तीन-तीन चिकटलेले, हिरवट, आत बीच नाही. आधी गोदाक्का म्हणाल्या, पाऊस उशिरा आहे. मग म्हणाल्या, कुणाची तरी नजर लागली, आणि माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, रेखा बुडात साबणाचं पाणी ओतते. खत घातलं, राख घातली, मीठ घातलं. स्वतः शिडी लावून चढल्या, सत्तरीला आलेली बाई, आणि गोड पिवळ्या झाडाचे ते वाटाणे चावून बघितले. तिथूनच थुंकल्या.

खाली उतरल्या तेव्हा नणंद, रेखा, जावई आणि त्या स्वतः, चारही झाडांची चव एकच झाली होती. कसलीच नाही.

"काय झालं असंल गं?" त्यांनी मला विचारलं. आवाज लहान होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

उत्तर रेखानं दिलं. ती धुणं दगडावर आपटत होती, ते थांबवलं नाही.

"नर तोडलासा की तुम्ही. त्याचं पीठ ह्येंच्या मोहोरावर पडलं, तरच दाणा धरतोय."

"तुला कुणी सांगितलं?"

"शाळंत हुतं. आन दरसाली धुण्यावर पीठ पडायचं ते झटकत कोण हुतं? मीच की. बघत हुते, कुठं जातंय ते."

गोदाक्का गटारीवरच्या खोडाकडं बघत होत्या. "तोडायच्या दिशी ठावं हुतं तुला?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस, भवाने?"

रेखानं धुणं पिळलं. पीळ देऊन देऊन पाणी संपलं तरी पिळत राहिली. "मी कशी बोलू आत्ती? माझ्यानं घसा धरतोय की तुमचा."

मी तिथून उठून घरी आले. खरं सांगायचं तर मला रेखाची भीती वाटली. आणि एवढंही सांगते, तिनं ते शब्द मनात कधीपासून घोळवले असतील याचा विचार करून मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षं ती झाडं तशीच वांझोटे घड लोंबवत उभी होती. गोदाक्कांनी ती तोडली नाहीत आणि कुणाला तोडू दिली नाहीत. भट्टी सुटली, गुडघे गेले, पण तोंड होतं तसंच होतं. आता त्या लग्नाला जात नव्हत्या म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्याची चाळण करायच्या. सुधीरचं नाव घरात निघत नव्हतं. गडहिंग्लजहून येणाऱ्या एखाद्याकडून ऐकू यायचं, की अजून एकटाच आहे, बँडमालकाच्या माडीवर राहतो. गोदाक्का ऐकायच्या आणि विषय बदलायच्या. पण एकदा मला विचारलं, "आजऱ्याच्या त्या पोरीचं काय झालं गं?" मी म्हटलं, दोन मुलं आहेत.

मग आमच्या गल्लीतल्या सुताराच्या पोराचं लग्न निघालं. भर दुपारची वरात, ऊन मी म्हणत होतं. बँड गडहिंग्लजचा आणलाय हे मला कोपऱ्यावर पिवळे शर्ट दिसल्यावर समजलं. दुसऱ्या ओळीत सुधीर. कानशिलं पांढरी, गालफडं आत गेलेली, क्लारनेट फुंकताना तेवढी फुगत होती.

मी धावत जाऊन गोदाक्कांना उठवलं. त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. वरात नेमकी त्यांच्याच दारासमोर थांबली, पोरांना नाचायचं होतं. चार हातांवर सुधीर. त्यानं बघितलं. नजर हलवली नाही आणि वाजवणंही थांबवलं नाही. अख्खं गाणं तो आईसमोर उभा राहून वाजवत होता. गोदाक्कांचे ओठ हलत होते, हात चौकटीवरून सुटून थोडा पुढं आला होता. मला वाटलं, आता म्हणतील. आत ये म्हणतील, पाणी पी म्हणतील, काहीतरी म्हणतील. मी त्यांच्या कोपराला धरून म्हटलंसुद्धा, "बोला की, आक्का."

गाणं संपलं. ताशा एकदम थांबला, आणि त्या शांततेत गोदाक्कांचा आवाज खणखणीत आला, सगळ्या वरातीला ऐकू जाईल असा.

"दम लागालाय बघ त्याला. एका गाण्यात. असल्याला कोण पोरगी देईल?"

नाचणारी पोरं हसली. त्यांना वाटलं म्हातारी चेष्टा करते. सुधीरनं क्लारनेट तोंडातून काढलं, उलटं करून आतली थुंकी झटकली. बँडमास्तरनं हात वर केला, त्यानं परत तोंडाला लावलं, आणि वरात पुढं सरकली.